सोललेले खोड आणि मोजलेली वाढ

हरिणांनी खोडाची साल सोलली की झाडाची वाढ खुंटते, हे विधान इतके उघड वाटते की ते तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. परंतु वनशास्त्रात याच एका वाक्यावरून मोठा मतभेद आहे, आणि तो केवळ आकड्यांचा नसून ‘वाढ’ या शब्दाने नेमके काय मोजायचे, एका झाडाचे मोजायचे की सबंध रानाचे, आणि किती वर्षांच्या अंतराने मोजायचे, यासंबंधीचा आहे. मृगकुलातील प्राणी, म्हणजे ज्यांच्या नरांची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा नव्याने येतात असे सांबर, चितळ, युरोपातील तांबडे हरीण किंवा जपानमधील सिका हरीण, खोडाला दोन निरनिराळ्या प्रकारांनी इजा करतात. नव्या शिंगांवरची मखमली कातडी उतरवण्यासाठी किंवा माजाच्या दिवसांत आपला वावर जाहीर करण्यासाठी नर शिंगे खोडावर घासतो, ही घर्षणाची जखम होय; आणि नर व मादी दोघेही खालच्या जबड्यातील पुढचे दात सालीत रुतवून तिचा पट्टा वर ओढून काढतात व खातात, ही सोलण्याची जखम होय. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्यामुळे हा पट्टा तोडला जात नाही, तर ओढला जातो, आणि म्हणूनच रसरशीत हंगामात तो खोडावर बराच उंचपर्यंत निघून येतो. प्रस्तुत विवेचन मुख्यतः या दुसऱ्या जखमेविषयी आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जपानमधील ओदाइगाहारा या पठाराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. होन्शू बेटाच्या दक्षिणेला समुद्रात शिरलेल्या किई द्वीपकल्पावर, नारा आणि मिए या प्रांतांच्या सीमेवर हे पठार असून त्याचे सर्वोच्च शिखर हिनोदेगाताके १,६९५ मीटर उंच आहे. वर्षाला ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात पूर्वेकडे ‘तोही’ नावाच्या स्प्रूस जातीच्या सूचिपर्णी वृक्षाचे, म्हणजे सुईसारखी पाने असणाऱ्या सदाहरित झाडाचे, रान आहे, तर पश्चिमेकडे बीच आणि ‘उराजिरोमोमी’ नावाचा फर जातीचा वृक्ष यांचे मिश्र रान आहे. तोहीच्या प्रसाराची दक्षिण सीमा याच द्वीपकल्पावर संपते, म्हणजेच थंड काळात दक्षिणेकडे सरकलेल्या या वृक्षाचा हा शेवटचा मुक्काम आहे आणि येथून तो नाहीसा झाला तर त्याच्या बिया पुरवणारे दुसरे रान दक्षिणेस कोठेही नाही. १९३६ साली स्थापन झालेल्या योशिनो-कुमानो राष्ट्रीय उद्यानात हे पठार मोडते आणि १९८० पासून युनेस्कोच्या जीवावरण क्षेत्रांच्या यादीतही ते आहे. २६ सप्टेंबर १९५९ रोजी ‘इसे-वान’ या नावाने ओळखले जाणारे चक्रीवादळ याच द्वीपकल्पावर धडकले, पठाराच्या पूर्वभागातील, विशेषतः मासाकिगाहारा या भागातील, तोहीची झाडे मोठ्या संख्येने आडवी झाली, आणि पडलेले बरेचसे लाकूड वाहून नेण्यात आले. त्यानंतर सावलीतली शेवाळाची जमीन उघडी पडून वाळली, तिच्यावर ‘मियाकोझासा’ या ठेंगण्या बांबूचे गवताळ आच्छादन पसरले, सिका हरिणांची संख्या वाढली, आणि वादळातून वाचलेली झाडे सोलली जाऊ लागली.

पुढील संवादातील दोन्ही अभ्यासक कल्पित आहेत. त्यांच्या तोंडची विधाने मात्र प्रत्यक्ष अभ्यासांना धरून आहेत. वृक्षमापक हा खोडाचा घेर, उंची आणि वार्षिक वलये मोजून निष्कर्ष काढणारा आहे, तर वनाभ्यासक हा झाडाबरोबरच त्याच्या पायथ्याशी काय उगवते आणि काय उगवत नाही याची नोंद ठेवणारा आहे.

वृक्षमापक : सोललेल्या प्रत्येक झाडाला जायबंदी ठरवण्याची घाई पुराव्याला धरून नाही, एवढेच प्रथम मान्य व्हावे. युरोपात आणि ब्रिटनमध्ये स्प्रूसच्या लागवडींत तांबड्या हरिणांनी केलेल्या जखमांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आहे. पश्चिम स्कॉटलंडमधील सिटका स्प्रूसच्या लागवडीत वर्षानुवर्षे एकाच खोडांची तपासणी करण्यात आली, तेव्हा बहुतेक जखमा लहान आढळल्या, बहुसंख्य जखमी झाडे जगली आणि त्यांच्या वाढीत शेजारच्या अक्षत झाडांच्या तुलनेत फारशी तूट दिसली नाही. खोडाच्या एका बाजूची साल गेली तर उरलेल्या बाजूने अन्नरसाचा प्रवाह चालू राहतो, जखमेच्या कडांना नवे ऊतक फुगवट्यासारखे वाढते, आणि कित्येकदा काही वर्षांत ती जागा बाहेरून झाकलीही जाते. आपण ज्याला संकट म्हणता, ते झाडाच्या शरीररचनेने आधीच हिशेबात धरलेले असते.

वनाभ्यासक : आपण वापरलेल्या ‘अन्नरसाचा प्रवाह’ या शब्दांतच उत्तराचा अर्धा भाग आहे. खोडाच्या बाहेरची कोरडी साल हे केवळ कवच असते. तिच्या आतल्या ओलसर थराला परिकाष्ठ म्हणतात आणि पानांत तयार झालेली साखर याच थरातून मुळांकडे उतरते. परिकाष्ठाच्या आत ऊतककर नावाचा अतिशय पातळ थर असतो, आणि दरवर्षी बाहेरच्या बाजूस नवी साल व आतल्या बाजूस नवे लाकूड घालण्याचे काम तोच करतो. त्याच्याही आत प्रकाष्ठ, म्हणजे मुळांनी शोषलेले पाणी वर नेणारे लाकूड असते. हरीण साल ओढते तेव्हा परिकाष्ठ निघून जाते आणि ऊतककर एक तर तिच्याबरोबर निघतो किंवा उघडा पडून सुकतो; पाण्याची वाट मात्र शाबूत राहते. म्हणून खोडाभोवती साल पूर्ण कंकणासारखी निघाली तरी पाने लगेच सुकत नाहीत, कधी एखादा हंगाम, तर कधी त्याहूनही अधिक काळ ती हिरवी राहतात, आणि तेवढ्या काळात मुळे आपल्या साठ्यावर जगून शेवटी उपाशी मरतात. ब्रह्मदेशातील सागवानाच्या व्यापारात हेच तत्त्व हेतुपुरस्सर वापरले जात असे. ओला साग पाण्यात बुडतो, म्हणून तोडीपूर्वी दोनतीन वर्षे बुंध्याभोवती खोल खाच घेऊन झाड उभेच वाळवले जाई आणि मग ते नदीतून तरंगत नेले जाई. सागाची ती खाच पाण्याची वाटही तोडत असे, एवढाच फरक. ज्या क्रियेने झाड मारण्याची रीत मनुष्याने बसवली, तीच क्रिया हरिणाने केली तर ती निरुपद्रवी कशी ठरेल?

वृक्षमापक : पूर्ण कंकण आणि अर्धवट सोलणे यांतील भेद आपण पुसून टाकत आहात. संपूर्ण वेढा पडला तर झाड मरते, याविषयी वाद नाही. वाद अर्धवट सोललेल्या झाडांविषयी आहे, आणि सालीचा एक अरुंद पट्टा जरी वरपासून खालपर्यंत सलग उरला तरी झाड पुष्कळ वर्षे तग धरू शकते, हे अनेक ठिकाणी दिसलेले आहे.

वृक्षमापकाचा हा मुद्दा रास्त आहे आणि तो बाजूला सारून चालणार नाही. परंतु येथे मोजमापाच्या पद्धतीतच एक दोष दडलेला आहे, जो संवादात पुढे येण्यापूर्वी स्पष्ट करणे आवश्यक आहे. झाडाचा घेर जगभर ‘छातीच्या उंचीवर’ मोजला जातो. भारतात ही उंची जमिनीपासून १.३७ मीटर मानली जाते, अन्यत्र बहुधा १.३ मीटर. हरिणाचे तोंड खोडावर ज्या पट्ट्यात सहज पोहोचते, नेमक्या त्याच पट्ट्यात ही उंची येते. परिणामी मोजपट्टी कधी जखमेच्या कडेने फुगलेल्या ऊतकावरून जाते आणि घेर वाढल्याचे दाखवते, कधी साल गेलेल्या खोलगट भागावरून जाते आणि घेर घटल्याचे दाखवते, आणि या दोहोंपैकी कशाचाही झाडाच्या खऱ्या वाढीशी थेट संबंध नसतो. त्यातही जखम मोजपट्टीच्या खाली असेल तर आणखी मोठी फसगत होते. खाली उतरू न शकलेली साखर जखमेच्या वरच्या बाजूला साचते आणि तेथे लाकडाची वलये तात्पुरती रुंद होतात, म्हणजे मुळे उपाशी पडत असतानाच वहीत झाड जोमाने वाढत असल्याची नोंद होते. घेराच्या आकड्यांवर सर्वस्वी विसंबणाऱ्या अभ्यासांकडे सावधपणे पाहण्याचे कारण हे आहे.

वनाभ्यासक : आणखी एक गोष्ट आपल्या आकड्यांत येत नाही. वलये मोजण्यासाठी खोडातून पेन्सिलीएवढा नमुना काढला जातो, आणि तो बहुधा उभ्या असलेल्या जिवंत झाडांतून काढला जातो. सोलले गेल्यामुळे जी झाडे मेली, कुजली आणि पडली, ती या नमुन्यांत नाहीत. जखमी होऊनही जी वाचली, त्यांची सरासरी काढून ‘जखमेने वाढ कमी होत नाही’ असे म्हणणे म्हणजे साथीतून उठलेल्या रुग्णांचे वजन मोजून साथ सौम्य होती असे ठरवण्यासारखे आहे. ओदाइगाहारा येथे साल सोलण्याचा झाडांच्या संख्येवर होणारा परिणाम आकाशी आणि नाकाशिझुका यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तपासला, आणि योकोयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सूचिपर्णी रानाविषयी तसाच अभ्यास मांडला. या अभ्यासांचे महत्त्व असे, की त्यांत प्रश्न एका झाडाच्या वाढीचा ठेवला नाही. कोणत्या जातीची आणि कोणत्या जाडीची झाडे मरतात, आणि त्यामुळे उद्याच्या रानाची घडण कशी बदलते, असा तो ठेवला. बारीक खोडाला वेढा पडायला थोडीच साल पुरते, म्हणून कोवळी झाडे आधी जातात. फर जातीची झाडे हरिणांना अधिक प्रिय असतात, म्हणून त्यांचे प्रमाण घटते.

वृक्षमापक : जिवंत झाडांपुरते मोजमाप मर्यादित राहते, ही उणीव मान्य आहे. तथापि आपण ‘मेलेली झाडे’ म्हणता तेव्हा प्रत्येक मृत्यूचे खापर हरिणाच्या माथी फोडता येईल काय? वादळाने सावली हिरावली, रस्ता १९६१ साली पठारापर्यंत पोहोचला, पर्यटक आले, जमीन कोरडी झाली. अशा तणावाखालील झाडावर बुरशी व किडे तसेही तुटून पडतात.

वनाभ्यासक : बुरशीचा उल्लेख आपणच केला, हे बरे झाले, कारण सोलण्याचा लाकडाच्या व्यवहाराशी असलेला संबंध तेथेच स्पष्ट होतो. अमेरिकेच्या वनसेवेतील ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली एक सिद्धांत मांडला, ज्याचा आशय असा की प्राण्याची जखम भरते तशी झाडाची जखम भरत नाही, ती कोंडली जाते. मेलेल्या पेशींच्या जागी झाड नव्या पेशी घालू शकत नाही. ते फक्त जखमेच्या वर, खाली, आत आणि बाजूंना रासायनिक भिंती उभारते व पुढच्या वर्षीचे लाकूड त्या कोंडवाड्याच्या बाहेर वाढवते. वरून साल बंद झालेली दिसली तरी आत जुनी जखम तशीच असते. युरोपातील नॉर्वे स्प्रूस या झाडाच्या भिंती या बाबतीत दुबळ्या ठरतात. सोललेल्या जागेतून स्टेरियम सांग्विनोलेंटम नावाची बुरशी आत शिरते आणि खोडातून वरवर चढत जाते. ज्या भागातून सर्वांत मोठी आणि सर्वांत महाग फळी निघायची, तो बुंध्याचाच भाग आधी कुजतो, आणि तेथेच खोड कमकुवत झाल्याने पुढे जोराच्या वाऱ्यात किंवा बर्फाच्या भाराने ते मोडते. घेर मात्र या सर्व काळात वाढतच राहतो. अशा झाडाची ‘वाढ’ उत्तम आहे असे आपण म्हणाल काय?

वृक्षमापक : नाही, परंतु आपल्याच उदाहरणाने हेही सिद्ध होते, की नुकसान झाडाच्या जातीवर अवलंबून असते. नॉर्वे स्प्रूसमध्ये कूज वेगाने पसरते, सिटका स्प्रूसमध्ये ती मर्यादित राहते. मग ‘हरिणांमुळे रान मरते’ असे सरसकट विधान करण्याऐवजी, कोणत्या झाडाला, कोणत्या वयात, वर्षाच्या कोणत्या काळात जखम झाली हे सांगितले पाहिजे. जर्मन वनपालांनी हिवाळी सोलणे आणि उन्हाळी सोलणे असे दोन प्रकार फार पूर्वीच वेगळे केले आहेत. हिवाळ्यात साल खोडाला घट्ट चिकटलेली असल्यामुळे ती कुरतडली जाते आणि दातांच्या खुणा असलेली लहान जखम होते. उन्हाळ्यात ऊतककर कार्यरत असल्यामुळे साल सैल असते आणि लांबलचक पट्टे निघतात.

या मुद्द्यावर दोन्ही पक्ष एकमेकांच्या अगदी जवळ येतात, आणि ओदाइगाहाराचे वैशिष्ट्यही येथेच लक्षात येते. हरीण भुकेपोटी साल खाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बर्फाच्छादित प्रदेशांतील हिवाळ्यापुरती ती बऱ्याच अंशी खरीही आहे. ओदाइगाहारा येथे मात्र साल सोलण्याचा मुख्य हंगाम उन्हाळा आहे, जेव्हा पठारावर ठेंगण्या बांबूचे हिरवे कुरण पायाखाली पसरलेले असते. मुबलक चारा असताना साल का, या प्रश्नाचा शोध नागोया विद्यापीठातील आन्दो, शिबाता आदी संशोधकांनी घेतला आणि साल व बांबू यांतील रासायनिक घटकांची तुलना करून भुकेऐवजी खनिजांच्या गरजेकडे आणि पचनाच्या समतोलाकडे लक्ष वेधले. रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव चारा आंबवत असतात. एकाच प्रकारचा चारा सतत आत गेला तर त्या जीवसृष्टीला आणि प्राण्याच्या शरीराला काहीतरी उणे पडते, आणि ती उणीव सालीने भरून निघत असावी, असा हा विचार आहे. तो खरा मानला तर त्यातून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. कारण मग हरिणांना अधिक चारा घातल्याने झाडे वाचणार नाहीत, उलट बांबूचे कुरण जितके विस्तारेल तितकी हरणे वाढतील आणि तितकीच सालीची गरजही वाढेल.

वनाभ्यासक : म्हणूनच हे एक चक्र आहे, असे म्हणावे लागते. झाड मेले की प्रकाश जमिनीवर येतो, प्रकाशाने बांबू पसरतो, बांबूवर हरणे पोसली जातात, आणि हरणे पुढचे झाड सोलतात. मियाकोझासा या बांबूच्या कळ्या जमिनीलगत व जमिनीखाली असल्यामुळे तो कितीही खाल्ला तरी पुन्हा फुटतो. पठाराच्या पश्चिमेकडील सुझुताके हा उंच बांबू मात्र हरिणांच्या चरण्याने विरळ होऊन ठिकठिकाणी नाहीसा झाला. चराई सोसणारी वनस्पती टिकते, न सोसणारी जाते, आणि रानाचे गवताळ माळात रूपांतर होते. तोहीचे बी मुख्यतः पडून कुजलेल्या ओंडक्यांवर आणि शेवाळलेल्या दगडांवर रुजते. वादळानंतर ओंडके वाहून नेले गेले आणि शेवाळ वाळले, त्यामुळे रुजण्याची जागाच गेली. अशा स्थितीत उरलेल्या प्रत्येक बीजदात्या झाडाची साल शाबूत राहणे, हा त्या जातीच्या अस्तित्वाचा प्रश्न होतो.

वृक्षमापक : ओंडके हरिणांनी वाहून नेले नव्हते, हे आपल्याच बोलण्यातून स्पष्ट होते. आणि हरिणांना कुंपणाबाहेर ठेवले की रान आपोआप परत येते, असे जे गृहीत धरले जाते, त्याला याच पठारावर छेद गेला आहे. इतो आणि हिनो या संशोधकांनी हरीण, उंदीर आणि बांबू हे तीन घटक निरनिराळ्या प्रकारे वगळून उराजिरोमोमीच्या रोपांचे काय होते, हे प्रयोगाने तपासले. हरिणांना अडवले तेथे बांबू माजला आणि त्याच्या दाट सावलीत रोपांची कोंडी झाली. म्हणजे हरीण एकीकडे मोठ्या झाडाची साल ओढते, तर दुसरीकडे बांबू खाऊन रोपाला उजेडही मिळवून देते. आपल्या चक्रातला हा दुवा आपण सांगितला नाही.

वनाभ्यासक : तो दुवा खरा आहे आणि तो मान्य केल्याशिवाय या रानासाठी काही करणेही शक्य नाही. फक्त एवढे जोडावे लागेल, की उजेड मिळालेले रोप वाढून हरिणाच्या तोंडाच्या टप्प्यात आले की तेही खाल्ले जाते, आणि त्यातून सुटून मनगटाएवढ्या जाडीचे झाले की त्याला वेढा पडतो. हरिणांच्या फार मोठ्या संख्येत रोप उगवते, पण झाड होत नाही. हरणे पूर्णपणे वगळली तर रोप उगवतानाच गुदमरते.

संवादातील हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा असून, खोडाभोवती जाळी गुंडाळणे हा उपाय अपुरा का ठरतो, हे त्यावरून कळते. ओदाइगाहारा येथे १९८६ पासून तोहीच्या रक्षणाची कामे सुरू झाली. खोडांना जाळ्या लावण्यात आल्या, काही भागांना कुंपणे घालण्यात आली, आणि २००५ साली पर्यावरण मंत्रालयाने पठाराच्या पुनरुज्जीवनाची सविस्तर योजना हाती घेतली, जिच्यात हरिणांची संख्या आटोक्यात ठेवण्याचाही समावेश होता. जाळीने आजचे झाड वाचते, हे निःसंशय; बीजदाते झाड वाचले तर जातीला वेळ मिळतो, म्हणून ती लावलीच पाहिजे. परंतु जाळी खोड जाड होईल तशी सैल करावी लागते, एकेका झाडाला स्वतंत्र लावावी लागते, आणि तिच्यामुळे पायथ्याच्या जमिनीत तसूभरही फरक पडत नाही. कुंपणाच्या आत बांबूची कापणी केली नाही तर तेथेही रोप उभे राहत नाही.

वृक्षमापक : मग संख्या कमी करण्याचा प्रश्न येतो, आणि तेथे आपला रोख शिकारीकडे वळतो. सिका हरीण या भूमीचे मूळ रहिवासी आहे. नारा शहरात तर कासुगा देवस्थानाचा दूत म्हणून त्याला शतकानुशतके मान आहे आणि १९५७ पासून तेथील हरिणांना नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे. हजारो वर्षे हरणे आणि तोही एकत्र नांदले असतील, तर आजच हरीण अपराधी कसे?

वनाभ्यासक : अपराध हरिणाचा आहे, असे प्रतिपादन येथे नाहीच. त्याला आवर घालणारे जे होते, ते मनुष्याने काढून टाकले. जपानी लांडग्याचा शेवटचा ज्ञात नमुना १९०५ च्या जानेवारीत याच नारा प्रांतातील हिगाशियोशिनो गावी मिळाला, म्हणजे या पठारापासून फार दूर नव्हे. त्यानंतर काही काळ मनुष्याच्या बंदुकीने लांडग्याची जागा घेतली आणि हरणे इतकी घटली की मादीच्या शिकारीवर बंदी घालावी लागली. पुढे युद्धोत्तर काळात लाकडासाठी मोठ्या प्रमाणावर रान तोडून ‘सुगी’ आणि ‘हिनोकी’ या सूचिपर्णी वृक्षांच्या लागवडी झाल्या, उघड्या जमिनीवर चारा वाढला, शिकारी मात्र म्हातारे होत गेले. १९७५ च्या सुमारास जपानमध्ये पाच लाखांच्या आसपास असलेले शिकारीचे परवानाधारक पुढे दोन लाखांपर्यंत खाली आले. मादीच्या शिकारीवरील बंदी १९९४ पासून टप्प्याटप्प्याने शिथिल करण्यात आली, १९९९ मध्ये कायद्यात बदल होऊन प्रांतांना हरिणांच्या व्यवस्थापनाच्या योजना आखता आल्या, आणि २०१३ साली दहा वर्षांत हरिणांची संख्या निम्मी करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले, ज्याची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवावी लागली.

लांडगा संपला १९०५ मध्ये आणि हरिणांचा उपद्रव जाणवू लागला त्यानंतर अनेक दशकांनी, ही तफावत ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण एकट्या लांडग्याच्या अभावाने सर्व काही समजावून देणारी मांडणी तिच्यापुढे टिकत नाही. आवर घालणारा हात कोणता, याहून तो सतत असणे अधिक महत्त्वाचे, असे या इतिहासावरून दिसते. मराठी वाचकाला परिचित असलेल्या सांबराची कथाही याला पुष्टी देते. महाराष्ट्राच्या सागवनांत वाघाच्या धाकात वावरणारे हे जनावर एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात सोडण्यात आले. तेथे त्याला आवर घालणारे मोठे श्वापद नव्हते, आणि त्याच्या शिंगांच्या घर्षणाने नेमाटोलेपिस विल्सोनाय हे अतिशय थोड्या जागी उरलेले झाड धोक्यात आले. जनावर तेच, भोवतीचे रान निराळे, आणि परिणामही निराळा.

वृक्षमापक : आपल्या या विवेचनानंतर मूळ विधान सुधारून असे मांडता येईल, की सालीची अर्धवट जखम एका झाडाच्या घेरवाढीवर बहुधा अल्प परिणाम करते, परंतु ती लाकडाच्या गुणवत्तेवर, झाडाच्या आयुष्यावर आणि रानाच्या पुढच्या पिढीवर फार मोठा परिणाम करू शकते. हे आपणास मान्य आहे काय?

वनाभ्यासक : ‘करू शकते’ याऐवजी ओदाइगाहारापुरते ‘केला आहे’ असे म्हणावे. एवढा बदल केल्यास मान्य आहे.

या दोघांच्या मतैक्यात एक उणीव राहते, आणि ती दाखवणे हे या लेखाचे काम आहे. वृक्षमापकाने आपले विधान सुधारले, परंतु आपली वही सुधारली नाही. मासाकिगाहारा येथे आज पांढऱ्याफटक पडलेल्या तोहीच्या खोडांचे सांगाडे हिरव्या बांबूच्या कुरणात उभे आहेत, आणि पायी येणारे पर्यटक त्यांची छायाचित्रे घेतात; पाहणाऱ्याला ते दृश्य प्राचीन आणि स्वाभाविक वाटणे सहज शक्य आहे, कारण तेथे सहा-सात दशकांपूर्वी काळोखे, शेवाळलेले रान होते याची खूण जागेवर उरलेली नाही. ज्या नोंदवहीत फक्त जिवंत झाडांचा घेर असतो, ती वहीही त्या पर्यटकाइतकीच अजाण असते. खोडाचा किती भाग सोलला गेला, जखम जमिनीपासून किती उंचीवर आहे, ती उन्हाळ्यातली की हिवाळ्यातली, आणि झाड पुढे केव्हा मेले, या चार गोष्टी नोंदवण्यास मोजपट्टी आणि पेन्सिल यांखेरीज काहीही लागत नाही. हरणे वावरतात अशा कोणत्याही रानात, मग ते जपानमधील असो, स्कॉटलंडमधील असो वा मेळघाटातील, कायमच्या पाहणीसाठी आखलेल्या प्रत्येक तुकड्यात मेलेल्या झाडाचा क्रमांक वहीतून खोडला जाऊ नये. तो त्याच्या जखमेच्या मापासह आणि मृत्यूच्या वर्षासह तेथेच लिहून ठेवला जावा.